पाच ताऱ्यांचं जुनं लेबल

खोलीचं माप मी गिऱ्हाइकाचं घेते तसंच घेतलं. लांबी, रुंदी, उंची. वर गच्ची, खिडकी पश्चिमेला. सगळं शिलाईच्या वहीत.

उन्हाळ्यात माझ्याकडे ट्रायलला बायका येत नाहीत. घामानं अस्तर अंगाला चिकटतं. यंदा एसी बसला नाही, किंवा बसून बिल झेपलं नाही, तर मोठ्या दिरांच्या कारखान्यात जायचं. पगारावर शिवायला. घरात ठरलंय. मला न विचारता.

दुकान. दीर पुढे, मी मागे.

"पाच तारे, ताई. डोळे मिटून घ्या," दुकानदार.

"डोळे मिटून मी सुईत दोरासुद्धा ओवत नाही."

तारे सगळेच मोजतात. मी त्यांच्याखालचं बारीक वाचलं. वर्षाला ८६० युनिट. त्याखाली लेबलाचं साल. पाच वर्षांपूर्वीचं.

शेजारी दुसरा. तेवढ्याच टनाचा. तारे चार. लेबल यंदाचं. ७७० युनिट.

पुन्हा वाचलं. कापड कापायच्या आधी दोनदा मोजते, तसं.

"पाचवाला जास्त वीज कसा खातो?"

दुकानदारानं सवलतीची पाटी पुढे सरकवली.

"अगं, पाच म्हणजे पाच," दीर म्हणाले. "शाळेत गेली होतीस ना?"

"गेले होते, भाऊजी. तेव्हाचा पेपर सोपा होता. आता तारे द्यायचे नियम कडक झालेत. तेव्हाचे पाच आजचे पाच नाहीत. खरं की नाही, हो?"

दुकानदार दिरांकडे बघत म्हणाला, "जुना माल आहे. म्हणून तर सवलत."

"सवलत एकदा. मीटर रोज."

"घे गं पाचवाला," दीर हसले. "नाहीच झेपलं, तर कारखान्यात तुझी खुर्ची आहेच."

(हसले. हे मी विसरणार नाही.)

"म्हणून पाचवाला घेऊ? म्हणजे खुर्ची लवकर भरेल?"

दीर छताकडे बघू लागले. तिथे काहीच नव्हतं.

मी ७७०वर बोट ठेवलं. "हा द्या. उद्याच बसवायचा. पावती माझ्या नावावर."

"चार तारे," दीर पुटपुटले. "लोक हसतील."

"हसू देत. हसायला माझ्या खोलीत यावं लागेल. बायका आल्या की मापं घेते."