पान एकशे बेचाळीस

ढगपूरकर म्हणजे 'ढगपूर' या पुस्तकांच्या चाहत्यांचा ऑनलाइन ग्रुप, आणि त्यांचा कायदा एकच होता. पुस्तकातलं काही सांगायचं असेल तर पान सांगायचं. कासवप्रधानाला तीन बायका होत्या असं कोणी म्हटलं रे म्हटलं, की खाली चारपाच जण विचारणार, पान? पान नसेल तर गप्प बसायचं. आणि पानावरूनच भांडण जुंपलं, तर ते संजना पगारेकडे जायचं. संजनाताईंनी कपाटातून पुस्तक काढून आकडा सांगितला, की पुढे अपील नाही.

त्याला कारणही तसंच होतं. शामसुंदर गायधनी हे गृहस्थ नाशिकरोडच्या तार ऑफिसात जन्मभर नोकरी करून गेले, आणि जाता जाता 'ढगपूर'चे सात भाग लिहून गेले. ढगावर वसलेलं राज्य, त्यामुळे दर पावसात त्याचा थोडा भाग गळून खाली पडायचा. राजा दर सोमवारी चिठ्ठी टाकून निवडायचा, म्हणून रविवारपासूनच शहाणी माणसं आजारी पडायची. हसता हसता डोळ्यांत पाणी आणणारी पुस्तकं. त्यांतल्या तिसऱ्या भागाची पहिली आवृत्ती अगदी थोडी निघाली, दुसरी आली ती बारीक टायपात आणि काटछाट करून. पहिल्या आवृत्तीची एकच प्रत ग्रुपमध्ये होती आणि ती संजनाकडे होती. दिवसभर शाळेत क्लार्क म्हणून दाखले लिहिणाऱ्या बाईला एवढा मान दुसरीकडे कुठे मिळणार? तिला तो आवडायचा, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

तिसऱ्या भागात भुजंगराव नावाचा राक्षस आहे. राज्याच्या वेशीवर दारपाल, पण इतका भित्रा की स्वतःच्या शिंकेने दचकतो. शेवटी सगळं ढगपूर गळायला लागतं, सैन्य पळतं, राजा पळतो, आणि हा एकटा दारापाशी उभा राहतो. तिथे तो म्हणतो, "मी भित्रा आहे, पण दार माझं आहे." हे वाक्य ढगपूरकरांच्या टी-शर्टांवर होतं, मगांवर होतं, मनीषा नावाच्या बाईंनी तर नवरा गेल्यावर ते मनगटावर गोंदवून घेतलं होतं. भाग तिसरा, पहिली आवृत्ती, पान एकशे बेचाळीस.

फक्त ते वाक्य त्या पानावर नव्हतं. कुठल्याच पानावर नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी संजनाने ते ग्रुपवर टाकलं, तेव्हा तिच्या वडिलांना दवाखान्यात ठेवलेलं होतं आणि ती बाहेरच्या बाकड्यावर बसून होती. पुस्तक घरी. तिला ते वाक्य लख्ख आठवत होतं, पानसुद्धा डोळ्यांपुढे होतं. आठवड्याने घरी येऊन पुस्तक उघडलं तर तिथे एवढंच: भुजंगराव काही बोलला नाही. दारापाशी उभा राहिला. तोवर ते शेकडो लोकांनी पुढे पाठवलं होतं. उद्या सांगू म्हणत तिने आठवडा काढला, मग महिना काढला, आणि मग सांगायची वेळच निघून गेली. त्या दिवसापासून तिने ती प्रत कोणाला हातात दिली नाही. कागद जुना झालाय, म्हणायची.

आणि आता 'ढगपूर'ची वेब सिरीज आली होती.

सुरुवातीला ढगपूरकर नेहमीप्रमाणे कुरकुरले. कासव फार भरभर चालतं, राजवाड्याचा रंग चुकला, वगैरे. त्यात रागापेक्षा लाडच जास्त होता. पण शुक्रवारी तिसऱ्या भागाचा शेवट दाखवला, आणि त्यात भुजंगराव काही बोलला नाही. दारापाशी उभा राहिला. बस. संध्याकाळपर्यंत ग्रुप पेटला. सातपूरच्या कारखान्यात इंजिनिअर असलेला आल्हाद, एरवी मीटिंगला सगळ्यांसाठी मिसळ सांगणारा, हसरा माणूस, त्याने लिहिलं की आपल्या देवळातून मूर्ती चोरली. मग पटकथेवर कोणाचं नाव आहे ते कोणीतरी शोधलं. मृण्मयी देवरे, वय सव्वीस, मूळची नाशिकची. मग तिचा फोटो आला. मग तिच्या फोटोवर लोकांनी जे लिहिलं ते वाचून संजनाने फोन पालथा ठेवला. हीच माणसं दर वर्षी एकमेकांना तिळगूळ देत होती.

साडेसातला फोन वाजला. मृण्मयीचाच होता. ती घाबरलेली होती, पण नीट, सावकाश बोलत होती. आईबाबांकडे जेलरोडला आले आहे, म्हणाली. दुसरी आवृत्ती तिने वीसदा वाचली होती, त्यात वाक्य नाही. हस्तलिखित वाळवीने खाल्लेलं. सगळे म्हणतात पहिल्या आवृत्तीत आहे.

"ताई, पहिली आवृत्ती फक्त तुमच्याकडे आहे. एकशे बेचाळीसचा एक फोटो टाकाल का ग्रुपवर? वाक्य असलं तर मी माफी मागेन. नसलं तर ते लोक थांबतील तरी."

संजनाने सांगितलं, पुस्तक माळ्यावर आहे, बघते. पुस्तक तिच्या समोर टेबलावर होतं.

शनिवारी तिने फोटो तीनदा काढला आणि तीनदा पुसला. फोटो टाकला की लोक आधी वाक्य शोधणार, मग ते पहिल्यांदा टाकल्याची तारीख शोधणार, मग तिला शोधणार. मुलीच्या फोटोखाली जे लिहिलं जातंय ते आपल्या फोटोखाली येईल, शाळेत येईल, शेजारी वाचतील. मनीषाबाई मनगटाकडे बघून काय म्हणतील, हा विचार तर तिला करवेना. तिने भाजी चिरली, ती तशीच राहिली. दुपारी मृण्मयीचा मेसेज आला, ताई, मिळालं का? तो तिने उघडलाच नाही, वरूनच वाचला. मुलगी शहाणी आहे, दोन दिवसांत लोक विसरतील, अशी स्वतःची समजूत घालत तिने दिवस ढकलला. समजूत पटत नव्हती. संध्याकाळी आल्हादने ग्रुपवर देवऱ्यांच्या घराचा पत्ता टाकला. उद्या अकरा वाजता जायचं, शांतपणे जाब विचारायचा. शांतपणे या शब्दाखाली कोणीतरी चपलेचं चित्र टाकलं, आणि त्याला दीडशे जणांनी अंगठे दिले.

रविवारी सकाळी संजनाने पुस्तक पिशवीत घातलं आणि स्कूटी काढली. उपनगर नाक्याच्या सिग्नलला हिरवा दिवा लागला तरी ती जागची हलली नाही आणि मागच्यांनी हॉर्न लावले. परत फिरावं असं तिला वाटलं. खरं सांगायचं तर ती एकदा फिरलीसुद्धा, आणि पुढच्या चौकातून पुन्हा वळली.

देवऱ्यांचं घर कॉलनीतलं साधं एकमजली होतं. फाटकापाशी तीसचाळीस माणसं जमली होती, पुष्कळांच्या अंगात तेच टी-शर्ट. मृण्मयीच्या आई सरोजिनीबाई ओट्यावर उभ्या राहून सगळ्यांना बाळांनो, बाळांनो म्हणत हात जोडत होत्या. घोषणा चालल्या होत्या. एकाने कुंडी लाथाडली, तिचा आवाज झाला आणि ओट्यावरची बाई दोन पावलं मागे सरकली. संजनाला पाहून मात्र गर्दीने टाळ्या वाजवल्या. ताई आल्या, ताईंनी पुस्तक आणलं. लोकांनी तिला वाट करून दिली, आणि ती फाटकापर्यंत गेली ती जणू कोणी ढकलत नेल्यासारखी.

तिने पुस्तक उघडलं आणि एकशे बेचाळिसावं पान मोठ्याने वाचलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. मग ती म्हणाली, "वाक्य यात नाही. गायधनींनी ते कधी लिहिलंच नाही. मी लिहिलं. चुकून लिहिलं, आणि कळल्यावर सांगितलं नाही. या मुलीचा काही दोष नाही."

मग मागून एक जण म्हणाला, असं कसं, मी इगतपुरीला शाळेत असताना स्वतः वाचलंय, डाव्या पानावर, खाली. दुसरीने सांगितलं, तिच्या मामाने तिला वाचून दाखवलं होतं. आल्हादने संजनाच्या हातातून पुस्तक काढून घेतलं, मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं, शिवणीत बोट घालून पाहिलं. "पान कापलंय कोणीतरी," तो म्हणाला. "ताई, तुमच्यावर दबाव आलाय का? नाव सांगा फक्त." मनीषाबाई जवळ आल्या. त्यांनी मनगट पदराखाली घेतलं होतं. त्या हळूच म्हणाल्या, "असं नका ना बोलू ताई." संजनाला वाटलं, यांनी आपल्याला मारलं असतं तरी बरं झालं असतं. तिने पुन्हा सांगितलं, पुन्हा पान दाखवलं. जितकं सांगावं तितके त्यांचे चेहरे आक्रसत गेले, आणि कोणीतरी तिच्या खांद्याला धरून मागे ओढलं. वर गच्चीत एक मुलगी येऊन उभी राहिली होती. खालचं सगळं ती ऐकत होती.

तेवढ्यात एकाचा फोन वाजला, मग दुसऱ्याचा, मग सगळ्यांचे वाजायला लागले. सिरीजवाल्यांचं निवेदन आलं होतं. पटकथा लेखिकेने आपल्याकडून वाचनात चूक झाल्याचं लेखी मान्य केलं आहे. मूळ वाक्य भागात समाविष्ट करण्यात येत असून मंगळवारपासून प्रेक्षकांना ते ऐकता येईल. पुढील पर्वाचं लेखन वेगळ्या चमूकडे सोपवण्यात आलं आहे.

गर्दीने असा जल्लोष केला की समोरच्या घरातली माणसं गॅलरीत आली. लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. मनीषाबाई रडत होत्या आणि हसत होत्या. ज्याने कुंडी लाथाडली होती त्याने ती उचलून जागेवर ठेवली, माती भरली, आणि सरोजिनीबाईंना सॉरी काकू म्हणाला. आल्हादने पुस्तक मिटलं आणि दोन्ही हातांनी संजनाला परत दिलं.

"तिला वाचवायला तुम्ही स्वतःवर घेतलंत," तो म्हणाला. "एवढं मोठं मन कोणाचं असतं? आम्ही कोणाला सांगणार नाही, ताई."

संजना नाही, नाही म्हणत राहिली. तो मान डोलावत राहिला. पाच मिनिटांत रस्ता रिकामा झाला, सगळे मिसळ खायला गेले. तिलाही चला म्हणाले.

सरोजिनीबाईंनी फाटक उघडून तिला आत घेतलं. बैठकीत मृण्मयी बसली होती. डोळे सुजलेले, पण आता ती रडत नव्हती. संजनाने माफी मागायला तोंड उघडलं, तर मुलीने हात वर करून तिला थांबवलं.

"मी फोन केला तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"पुस्तक माळ्यावर होतं?"

"नाही. समोर होतं."

मृण्मयीने हातातला फोन पालथा ठेवला. स्वयंपाकघरात सरोजिनीबाईंच्या हातून काहीतरी पडलं, आणि दोघीही दचकल्या.

"मी सकाळी आठ वाजता सिरीजवाल्यांना लिहून दिलं," ती म्हणाली. "कालचा सगळा दिवस तुमची वाट पाहिली. तुम्ही गप्प होतात ना, मला वाटलं वाक्य तिथे आहे. आणि चारचौघांत माझी लाज जाऊ नये, म्हणून ताई फोटो टाकत नाहीयेत."