दिवा लागला की शिक्षा संपली

शांतवन पाळक नरकावर बोलायला उभे राहिले की पुढच्या बाकावरची माणसं मागे सरकून बसत. नरक कायमचा, शिक्षा कायमची, मेल्यावर माफी नाही! रत्नागिरीच्या त्या चर्चमध्ये वर्षानुवर्षं हाच सूर. वागण्यातही तेवढेच ताठ. पोटचा पोरगा आमोस मुंबईत दारू पिऊन मेला, तर त्याच्या मातीला उभं राहून म्हणाले, "हा गेला तो गेलाच." ईस्टरच्या पहाटे सगळी मंडळी कबरस्तानात जाऊन प्रत्येक कबरीपाशी प्रार्थना करत. आमोसची कबर बापाच्या हुकमानं वगळायची. त्याची आई मार्थाबाई तोंडाला पदर लावून पुढे चालायची.

चौऱ्याऐंशी सालच्या ईस्टरच्या आदल्या दुपारी सभा भरली आणि पाळकांची मुलगी सलोमी उठली. शाळेत शिकवायची, पण वर्गाबाहेर हिचा आवाज कुणी ऐकलेला नाही.

"उद्या आमोसच्या कबरीपाशीही प्रार्थना व्हावी," ती म्हणाली. "मेल्यावरची शिक्षा कधीतरी संपते, असं मी मानते."

"अगो, मेल्यावरची शिक्षा संपते म्हणायला कॅथलिक झालीस की काय?" चर्चचे भिकाजी पंच ओरडले.

शांतवन हसले. "बोलू दे तिला. पण शास्त्रातून बोल हो! न्यायाच्या दिवशी डावीकडच्या शेरडांना, म्हणजे पाप्यांना, शिक्षा किती काळ?"

"सर्वकाळ, असं लिहिलंय."

"मग संपलं!"

"नाही संपलं. एखादा आगीतून का होईना, तारला जाईल, असं प्रेषित पौल म्हणतो. तो कोण?"

त्यांनी एक वचन काढलं की हिचं दुसरं तयार, अध्यायासकट, न अडखळता. हे पाठ कुणी करून घेतलेलं? रोज रात्री चिमणीच्या उजेडात बसवून, ह्यांनीच! शांतवनांना राग यायला हवा होता. पण छाती अभिमानानं फुगत होती, त्याला काय करणार?

मग सलोमीचा आवाज खाली आला. "बाबा, आमोसनं खोडी काढली की तुम्ही त्याला अंगणात उभा करायचात. पण दिवा लागला की?"

शांतवनांनी हातातलं बायबल मिटलं.

"दिवा लागला की शिक्षा संपली. तुमचाच नियम. स्वतः दारात येऊन हाक मारायचात. आपण पापी माणसं, तरी लेकराला रात्री बाहेर ठेवत नाही. मग देव तर बाप आहे. तो ठेवील?"

"भर सभेत बापाला गप्प केलंन!" भिकाजी पंच कडाडले. "लाज नाही वाटत?"

शांतवन ताडकन उठले. "लाज कसली रे भिकाजी? माझ्यासमोर शास्त्र काढायची इथे कुणाची टाप नव्हती. हिनं मला पार हरवलंन. बघ नीट, माझी पोर आहे ती!"

एवढं बोलले आणि उद्याचं काहीच न सांगता घरी निघून गेले.

तिन्हीसांजेला मार्थाबाईंनी कंदील लावला. शांतवनांनी तो त्यांच्या हातातून घेतला आणि मायलेकींना म्हणाले, "चला." तिघंही कबरस्तानात गेली. आमोसच्या कबरीवर गवत माजलं होतं. शांतवनांनी ते हातानं बाजूला केलं, कंदील ठेवला. सगळं चर्च दणाणून सोडणारा तो आवाज आता जेमतेम निघाला.

"आमोस, दिवा लागला रे. चल, आत ये."