जागरूक प्रेक्षकाच्या शंका

माझी भाची एक मालिका चालवते. चालवते म्हणजे निर्माती आहे. पण साडेनऊशे भाग झाल्यावर कोण कोणाला चालवतं हे सांगणं कठीण. मी एकतीस वर्षं वर्तमानपत्रात विनोदी सदर लिहून निवृत्त झालो आणि घरी बसलो, त्याच्या चौथ्या महिन्यात तिचा फोन आला.

“मामा, मामीचं डोकं खाऊन झालं असेल तर माझ्या ऑफिसात या. काम आहे.”

“मालिका लिहिण्याइतकी वेळ अजून माझ्यावर आलेली नाही.”

“लिहायची कोण देतंय तुम्हाला? वाचायचंय फक्त.”

दर बुधवारी दुपारी चार ते पाच या मालिकेचे लेखक प्रेक्षकांशी ऑनलाइन गप्पा मारत. प्रेक्षक प्रश्न टाकत, लेखक तिथल्या तिथे उत्तर देत. हजाराव्या भागाला यातली गमतीदार प्रश्नोत्तरं निवडून एक पुस्तिका काढायची, असं तिच्या मनात होतं. गमतीदार काय ते मी ठरवायचं होतं.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. एक लांबलचक टेबल, त्यावर चहाच्या कपांचे गोल डाग, आणि समोर भिंतभर रंगीत चिठ्ठ्या. पिवळी म्हणजे लग्न, निळी म्हणजे गैरसमज, लाल म्हणजे मरण. निळ्यांनी भिंत झाकून गेली होती. टेबलाभोवती तीन लेखक बसत. त्यांची खरी नावं तिथे कोणी वापरत नसे. श्रेयनामावलीत ज्याचं जे काम, तेच त्याचं नाव. कथा हा एक दमेकरी गृहस्थ होता, पटकथा ही दोन फोन बाळगणारी बाई होती आणि संवाद हा आडदांड माणूस अत्यंत अबोल होता.

बुधवारची पाळी तिघांत लावलेली. एका बुधवारी कथा, पुढच्या बुधवारी पटकथा, तिसऱ्या बुधवारी संवाद. प्रेक्षकांना मात्र पडद्यावर एकच नाव दिसे: लेखक. आदल्या बुधवारी दुसऱ्याने काय लिहिलं हे कोणीही बघत नसे. सहकाऱ्याचं लेखन न वाचणं हा त्यांच्यातला शिष्टाचार होता आणि त्यांची मैत्री त्यावरच टिकून होती.

त्यामुळे सगळ्या बुधवारचे कागद एका बैठकीत सलग वाचणारा पहिला माणूस मी.

मालिकेत तेव्हा काय चाललं होतं ते सांगायला हवं. थोरल्या मुलाने घरासाठी बापाला, म्हणजे आबांना, वरच्या खोलीत कोंडलं होतं आणि जगाला सांगितलं होतं की आबा लांबच्या बहिणीकडे राहायला गेलेत. एकशेदहा भाग आबा त्या खोलीत होते. आता आबांचं काम करणाऱ्या नटाला दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया करायची होती, म्हणून पुढच्या शुक्रवारी आबा मरणार होते. तो भाग चित्रित होऊन तयार होता आणि लाल चिठ्ठी भिंतीवर लागली होती.

पहिले दोन दिवस मजेत गेले. धाकट्या सुनेने केस कापावेत का, खलनायक घरी तरी हसतो का, असले प्रश्न. त्यांच्यात एक गृहस्थ नियमित भेटत. टोपणनाव ‘जागरूक प्रेक्षक’. दर बुधवारी एकच प्रश्न, शुद्ध, नम्र, आणि सुरुवातीला हमखास ‘समजा’.

“हा आमचा शंकासुर,” कथा कौतुकाने म्हणाला. “कथेतली भोकं अचूक दाखवतो. आम्ही बुजवतो. अर्ध्या वेळा त्याच्यामुळेच वाचलोय.”

“माझ्याही पाळीला येतो,” पटकथा म्हणाली.

संवादने मान डोलावली.

तिसऱ्या दिवशी मी या शंकासुराचे सगळे प्रश्न वेगळे काढले. एकवीस निघाले. पुस्तिकेत दोन पानं त्याला द्यावीत असा विचार होता. एकामागून एक लावले आणि वाचत गेलो.

‘समजा, कोंडलेल्या खोलीला खिडकी आहे. शेजाऱ्यांना आत दिसणार नाही का?’ लेखक: ‘खिडकीबाहेर कपडे वाळत घालायचे. वाळत घातलेल्या कपड्यांकडे सभ्य माणूस फार वेळ बघत नाही.’ हे कथाचं. मला हसू आलं.

‘समजा, मुलगी परगावाहून रोज फोन करते. किती दिवस टाळायचं?’ लेखक: ‘टाळायचं कशाला? आपणच आधी करायचा, तिच्या कामाच्या गर्दीच्या वेळी. पंधरा दिवसांत तीच टाळू लागते.’ पटकथा.

‘समजा, वाचनालयातली बाई घरी येते. म्हणते, बत्तीस वर्षांत तुमच्याकडून एकही पुस्तक उशिरा आलं नाही, आता काय झालं?’ लेखक: ‘पुस्तक परत द्यावं, वर एक जुनं पुस्तक भेट द्यावं आणि डोळे अधू झाले म्हणून सांगावं.’ संवाद.

इथे माझं हसू थांबलं. कारण आबांनी नऊशे भागांत हातात पुस्तक धरलेलं नव्हतं. त्यांना मुलगी नव्हती. पुढे एका प्रश्नात दूधवाला होता. मालिकेत दूधवाला नव्हता. आणखी एकात मांजर होतं, जे त्या खोलीच्या दाराशी जाऊन बसतं. कथाने ‘मांजर देऊन टाका’ असं उत्तर दिलं होतं. आणि अठरावा प्रश्न असा होता: ‘समजा, दाराला आतल्या बाजूने ओरखडे पडलेत. कुठला रंग लावावा?’ लेखक: ‘गडद तपकिरी. हलक्या रंगावर सगळं दिसतं.’

आबांच्या खोलीचा सेट मी पाहिला होता. त्या दाराची आतली बाजू कोणत्याही भागात दिसलेली नाही, कारण तिथे कॅमेरा उभा असतो. दाराला आतली बाजूच नाही. नुसता प्लायवूड आणि दोन खिळे.

मी तिघांना कागद दिले. तिघांनी आयुष्यात पहिल्यांदा एकमेकांचं लेखन वाचलं.

“मला वाटलं दूधवाला तू घातलायस,” पटकथा त्याला म्हणाली.

“आणि मला वाटलं मांजर तुझं.”

संवाद बोलला, हे त्या दिवसाचं विशेष. “तिला लिहिता-वाचता येतं,” तो म्हणाला. “एका प्रश्नात ‘ती’ निसटलंय. बाई आहे. कोणाची तरी आई.”

भाचीला बोलावलं. ती आधी उडवून लावायला निघाली. “मामा, लोक वेडे असतात. मालिकेत बाळ झालं तेव्हा चाळीस जणांनी झबली पाठवली होती.” मग तिने शेवटचा, एकविसावा प्रश्न वाचला. तो आदल्याच बुधवारचा. ‘शुक्रवारी आबांचं नेमकं काय आणि कसं होणार, ते आधी कळेल का? मला त्याप्रमाणे तयारी करायची आहे.’

“रुमालांची तयारी करायची असेल,” ती म्हणाली. पण खुर्ची ओढून बसली.

याला ‘समजा’ नव्हतं. उत्तराची पाळी पटकथाची होती. तिने लिहिलं होतं: ‘तो भाग मन लावून बघा. सगळं तपशिलात दाखवलंय!’ पुढे हसरा चेहरा.

पोलिस चौकीत मी आणि भाची गेलो. साहेब चांगले होते. त्यांनी पाणी दिलं, एकवीसही प्रश्न वाचले.

“तक्रार कोणाविरुद्ध?”

“जागरूक प्रेक्षक.”

“पत्ता?”

“तोच तुम्ही शोधायचाय.”

“आणि जिला कोंडलंय ती?”

“माहीत नाही.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “आजोबा, नाव नसलेल्या माणसाने नाव नसलेल्या बाईला पत्ता नसलेल्या घरात कोंडलं, असं मी लिहिलं तर वरचे मलाच कोंडतील.” पण माणूस सरळ होता. गप्पांची जागा ज्या कंपनीची, तिला त्यांनी आमच्यादेखत पत्र लिहिलं. उत्तराला तीन आठवडे लागतात म्हणाले. “तोवर त्याला संशय येऊ देऊ नका. गप्पा बंद करू नका. बिथरला तर सगळं आवरून मोकळा होईल.” आम्ही दारापर्यंत आलो तेव्हा त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, “मॅडम, आबा खरंच जाणार का हो? घरी बायको जेवत नाहीये नीट.”

म्हणजे तीन आठवडे काढायचे होते. भाचीने शुक्रवारचा भाग अडवला. वाहिनीला काय सांगितलं ते तिचं तिला माहीत, पण त्या शुक्रवारी आबा मेले नाहीत. त्यांना लग्नाची आठवण आली. सोमवारी बालपणाची आली. जुन्या भागांतले तुकडे जोडून आबा कॉटवर पडल्या पडल्या आठवत राहिले. संवादने गावातल्या एकवीस वाचनालयांना फोन केले. त्यातली अठरा म्हणाली, उशिरा पुस्तक न देणारा सभासद आमच्याकडे कधीच नव्हता. उरलेल्या तीन ठिकाणी कोणी फोनच उचलला नाही. शिवाय मालिका नऊ देशांत दिसते.

बुधवारी चार वाजता कीबोर्डसमोर मी बसलो. तिघांपैकी कोणाचाच हात उठत नव्हता. चार वाजून नऊ मिनिटांनी तो आला.

‘आबा शुक्रवारी गेले नाहीत. कारण कळेल का? माझी सगळी तयारी झाली होती.’

माझ्या डोक्यात एक युक्ती होती. त्या घरात बाहेरचा एक माणूस शिरला पाहिजे. कोणीही. दार उघडलं पाहिजे आणि तिला तोंड उघडता आलं पाहिजे. मी लिहिलं: ‘कथेत भोक राहिलं होतं. शेवटच्या दिवसांत आबांना एकाही डॉक्टरने पाहिलेलं नाही. मग अचानक गेले तर लोक शंका घेणार नाहीत? आधी डॉक्टरने घरी येऊन तपासायला हवं.’

त्याचं उत्तर आलं: ‘हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तुम्ही फार बारीक विचार करता. आभारी आहे.’

भाचीने माझ्या पाठीवर थाप मारली. “मामा, तुम्ही आधीच का नाही आलात या धंद्यात?” कथाने बिस्किटांचा पुडा फोडला. मलाही वाटलं, जमलं. त्या आठवड्यात मी रोज सकाळी वर्तमानपत्र उघडून आतल्या पानावरच्या बारीक बातम्या वाचत होतो. अमुक ठिकाणी डॉक्टरांच्या प्रसंगावधानाने वृद्धेची सुटका. अशी बातमी काही आली नाही. ही म्हणाली, एवढ्या बारीक अक्षरात काय शोधताय, चष्म्याचा नंबर वाढेल.

पुढच्या बुधवारी मी पावणेचारलाच जाऊन बसलो. आबांना तोवर शाळेतला पहिला दिवस आठवून झाला होता. त्यांच्याकडच्या आठवणी आता संपत आल्यात, असं पटकथाने सांगितलं.

चारला पहिला प्रश्न धाकट्या सुनेच्या केसांचा. दुसराही. सव्वाचारला एका आजींनी विचारलं, आबांना जेवायला कोण देतं? साडेचार झाले. पाऊणतास उलटला आणि तो आला.

‘डॉक्टर येऊन गेले.’

आम्ही पाचही जण पडद्याला चिकटलो.

‘दहा मिनिटं होते. तपासलं, औषधं लिहून दिली, वयोमानाने तब्येत खालावली आहे असं कागदावर लिहून सही केली. तुमच्यामुळे हे फार मोठं काम झालं.’

“बोलली नाही का ती?” भाची पुटपुटली. “काहीच बोलली नाही?”

त्याने जणू ऐकलं. पुढची ओळ उमटली.

‘ती डॉक्टरांना सगळं सांगू लागली. दार, कुलूप, ओरखडे, सगळं. मी घाबरलो नाही. मी डॉक्टरांना म्हणालो, आई ही मालिका फार बघते, त्यामुळे तिला वाटतं आपल्यालाच कोंडलंय. डॉक्टर हसले. त्यांच्याही घरी बघतात म्हणाले. हे वाक्य मात्र माझं मला सुचलं. कसं वाटलं?’

पटकथाचा एक फोन टेबलावर थरथरत होता, तो तिने उचलला नाही. भाचीने तिच्या दुसऱ्या फोनवरून चौकी लावली आणि ती खिडकीशी जाऊन दबक्या आवाजात सांगू लागली. तिकडून साहेब काय म्हणत असतील ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं: कंपनीचं उत्तर आलेलं नाही.

‘आता कागदही आहे,’ त्याने लिहिलं. ‘आता काही राहिलं नाही ना?’

मी आयुष्यभर जागेवर उत्तर देण्यासाठी प्रसिद्ध होतो. सभेत, लग्नात, एकदा तर स्मशानातही. आता बोटं कीबोर्डवर ठेवली. ‘वा’ लिहिलं. पुसलं. मग लिहिलं: ‘वाक्य उत्तम. पण एक चूक राहिली आहे.’

‘कुठली?’ उत्तर लगेच आलं.

मी कथाकडे पाहिलं. कथाने पटकथाकडे. पटकथाने त्या एकवीस प्रश्नांचे कागद भराभर चाळले, पुन्हा चाळले आणि टेबलावर ठेवले. खिडकी, मुलगी, दूधवाला, वाचनालय, मांजर, दाराचा रंग, कुठेच भोक उरलं नव्हतं. तिघेही चांगले कारागीर. एकवीस आठवडे त्यांनी एकेक भोक नीट बुजवलं होतं आणि बाविसावं मी.

घड्याळात चार वाजून बावन्न मिनिटं झाली होती.

‘घाई नाही,’ पडद्यावर उमटलं. ‘नीट विचार करून सांगा. मी पाचपर्यंत थांबतो.’