पिंपातली आई

आमच्या फाटकावर पाटी आहे: ‘चेर्बीनी घराणं, अखंड परंपरा, सन १५८४ पासून.’ हा आकडा माझ्या मुलाने, फोस्कोने, कुठून काढला ते तोच जाणे. मी लग्न होऊन या टेकडीवर आले तेव्हा सासरे सांगायचे की आजोबांच्या मागचं त्यांना काही ठाऊक नाही. पण जे कुणालाच आठवत नाही ते लिहायला बरं असतं, खोटं म्हणायला कोणी उरलेलं नसतं. पाटीशेजारी फोस्कोने बैलगाडीचं एक जुनं चाकही टेकवून ठेवलंय. ते चाक आमचं नाही. सिएनाच्या जुन्या बाजारातून आणलंय. पाहुणे त्यावर हात ठेवून फोटो काढतात.

त्या ‘अखंड’ शब्दात खरी म्हणावी अशी एकच गोष्ट होती, आणि ती माळ्यावर होती.

लाल वाइन आमची चांगलीच असते, पण ती या भागात जो तो करतो. घराची अब्रू असते विन सांतोत, सुकवलेल्या द्राक्षांच्या गोड वाइनमध्ये. सप्टेंबरात पांढरी द्राक्षं तोडायची, माळ्यावर टांगायची, नाताळाच्या तोंडावर ती म्हाताऱ्यांच्या गालांसारखी सुरकुतली की दाबायची. तो मधासारखा रस छोट्या पिंपांत भरून तोंडं सिमेंटने बंद करायची आणि वर्षानुवर्षं तिकडे फिरकायचं नाही. उन्हाळ्यात माळा भट्टीसारखा तापतो, हिवाळ्यात गारठतो, आणि पिंपं नव्या सुनेसारखी मुकाट्याने दोन्ही सोसतात. उघडली की वाइन काढून घ्यायची. तळाशी उरतो तो दाट, काळपट गाळ. तो कधी टाकायचा नाही. त्याच्यावरच नवा रस ओतायचा. दह्याला विरजण लागतं ना, तसा हा गाळ. आम्ही त्याला आई म्हणतो. आमच्या घरची आई माझ्या सासूच्या सासूनेही नवी केलेली नव्हती. तिलाही ती आयतीच मिळाली होती.

यंदा पिंपं उघडायची होती आणि नेमका त्याच आठवड्यात बासेलहून ब्युर्गी नावाचा स्विस व्यापारी येणार होता. फोस्को महिनाभर त्याच्याच नावाने जेवत होता. असले लोक आले की पेल्यात नाक खुपसतात आणि सांगतात, ‘ओल्या खोगिराचा वास येतोय.’ माझ्या वडिलांच्या खेचराचं खोगीर मी रोज उचललेलं आहे. तो वास कुणी पैसे देऊन प्यावा असा नव्हे. पण गिऱ्हाईक आहे म्हणून मी तोंड मिटून बसते, जमेल तेवढं.

मी एवढंच म्हणाले होते, “घर लख्ख पाहिजे. तळघरापासून माळ्यापर्यंत मला घाणीचा ठिपका दिसता कामा नये.”

फोस्कोने माझं ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा शब्दन् शब्द ऐकलं. वाफेचं मशीन भाड्याने आणलं.

ब्युर्गी यायच्या दिवशी सकाळी मी सिमेंटची बादली घेऊन माळ्यावर गेले तर तिथे कसलाच वास नव्हता. ना अक्रोडाचा, ना मधाचा, ना कुबट लाकडाचा. एखाद्या दवाखान्यात आल्यासारखं वाटलं. पिंपं ओळीने उभी होती, आतून बाहेरून घासलेली. मी एकात हात घातला, बोटं कोरडी बाहेर आली.

“आई कुठाय?” मी विचारलं.

फोस्को अभिमानाने उभा होता. “ही काय, समोर उभी.”

“माझी नव्हे. पिंपातली.”

त्याचा चेहरा उतरत गेला तो मी पाहिला. “तो गाळ? पण तूच म्हणालीस, ठिपका दिसता कामा नये.”

“आणि काढलेली वाइन? तिच्यात थोडी असेल.”

“गाळली. ब्युर्गीला काचेसारखी दिसावी म्हणून.”

“गाळण काय केलंस?”

“धुतलं,” तो म्हणाला. पन्नाशीचा माणूस, पण शाळेतून हाकललेल्या पोरासारखा उभा होता. मग म्हणाला, “मम्मा, हल्ली पाकिटं मिळतात. यीस्टची. दोन दिवसांत रस फसफसायला लागेल.”

“पाकिटातून आणायचं तर पाटीही पाकिटावरचीच लाव.”

खाली हौदात दाबलेला रस थांबला होता. असा रस जास्त दिवस वाट बघत नाही, स्वतःच्या मनाने नासतो. आणि आमची आई या टेकड्यांवर आणखी एकाच घरात होती. मुलगी लग्न होऊन जाते तेव्हा फडक्यात गुंडाळलेल्या बाटलीतून ती थोडी बरोबर नेते, अशी इकडची रीत. माझी नणंद झाइरा ती घेऊन दरीपलीकडच्या घरात गेली होती. आणि त्या दिवसापासून तिच्या विन सांतोला मी खोकल्याचं औषध म्हणत आले होते. घरात नव्हे. चर्चच्या पायऱ्यांवर, जत्रेत, पाद्र्यासमोर. आता अख्खा गाव तसंच म्हणतो. तिच्या दुकानात येऊन लोक विचारतात, चमच्याने घ्यायचं का.

“मी जातो आत्याकडे,” फोस्को म्हणाला.

“तू गेलास तर ती तुला नाश्ता देऊन परत पाठवील. तिला मी हवीय.”

पायवाटेने उतरून, चढून गेले. झाइरा चुलीपाशी चेस्टनट सोलत होती आणि तिच्या दोन्ही सुना टेबलाशी पीठ मळत होत्या. मी डोक्यावरचा रुमाल सोडला.

“वन्सं, बऱ्या आहात ना?”

तिची सुरी थांबली. सुनांकडे वळून म्हणाली, “बघा गं कोण गेलं ते. मला चर्चची घंटा ऐकू आली नाही.”

“कोणी गेलं नाही.”

“मग ‘वन्सं’ कशाला? माझा भाऊ गेला त्या दिवशीसुद्धा तू मला ‘झाइरा, खुर्च्या आण’ म्हणाली होतीस.”

“खुर्च्या लागत होत्या.” मी न विचारता बसले. “माळ्यावरची आई गेली आमची. फोस्कोने पिंपं धुतली.”

झाइराचे खांदे हलायला लागले. धाकट्या सुनेने तोंडावर पिठाचा हात दाबला.

“कशाने धुतली?” झाइराने विचारलं.

“वाफेने.”

“अगं बाई. आणि सांगितलं कुणी त्याला?”

“मी घर लख्ख कर म्हणाले होते. डोकं काढून ठेव म्हणाले नव्हते.”

“आर्जीया, तो विचारायला आला असता, ‘आईसुद्धा धुवायची का,’ तर तू काय म्हणाली असतीस?”

गाढवा म्हणाले असते. हे तिला सांगायची गरज नव्हती.

“म्हणून त्याने विचारलं नाही,” ती म्हणाली. “तुझ्या घरात कोणी काही विचारत नाही. माझा भाऊ मीठ मागायचा नाही, अळणी जेवायचा.”

“तो अळणी जेवायचा कारण डॉक्टरने सांगितलं होतं.”

“डॉक्टरला कुणी सांगितलं होतं?”

सुना आता उघड हसत होत्या. झाइरा उठली, कपाटातून बाटली काढली आणि माझ्यापुढे छोटा पेला ठेवला. “थंडीत चालत आलीस. घे, खोकल्याचं औषध.”

मी घेतलं. इतक्या वर्षांत त्याचा एक थेंब माझ्या जिभेला लागला नव्हता. औषध म्हणायला चव घ्यावी लागत नाही. पहिल्या घोटाला सुका जर्दाळू आला, मग अक्रोडाची साल, मग चेस्टनटचा मध, तो कडवट. आणि गिळल्यावरही ते जाईना. आमच्या घरी सासूच्या हातचं असं लागायचं. तिच्यानंतर लागलेलं नव्हतं, आणि मी ते त्या त्या वर्षाच्या पिकावर ढकलत होते, पावसावर ढकलत होते.

“कसं आहे?” झाइराने विचारलं.

“चांगलं आहे.”

“मोठ्याने सांग. मुलींना ऐकू दे, त्यांनी फार ऐकून घेतलंय.”

“आमच्यापेक्षा चांगलं आहे,” मी म्हणाले. एवढं म्हणायचं मी घरून ठरवून आले नव्हते.

मला वाटलं आता ती हसेल. ती हसली नाही. आत गेली आणि फडक्यात गुंडाळलेली बाटली घेऊन आली. “कोटाच्या आत धर, गारठू देऊ नकोस. आणि तुमचा तो स्विस येतोय म्हणे. फोस्को त्याला अखंड परंपरा सांगेल. तू त्याच्यासमोर सांग, ही आई कुणाच्या घरून आली ते.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“तर नाही. मी काय खिडकीखाली उभी राहून ऐकणार आहे? जीभ तुझी करवत आहे, पण तू खोटं बोललेलं मी कधी ऐकलं नाही.”

बाटली द्यायला नाही म्हणाली असती तर बरं झालं असतं. मग निदान भांडता आलं असतं. त्यात मोठ्या सुनेने त्यांच्या वाइनची एक बाटलीही माझ्या पिशवीत सरकवली. खोकला झालाच तर, म्हणाली.

दुपारपर्यंत प्रत्येक पिंपात थोडी थोडी आई घालून आम्ही रस भरला. तोंडं बंद करायच्या आत ब्युर्गी आला. उंच, लाजाळू माणूस, महागड्या बुटांनी माळ्याच्या शिडीवर चाचपडणारा. इटालियन त्याला ‘नमस्कार’ आणि ‘छान’ एवढंच येत होतं. फोस्को जर्मनमध्ये सुरू झाला. मला जर्मन येत नाही, पण १५८४ कुठल्याही भाषेत १५८४सारखंच तोंड करून सांगितलं जातं. तो पिंपाकडे बोट दाखवत होता, छातीवर हात ठेवत होता.

“त्याला सांग,” मी म्हणाले, “आमची आई या आठवड्यात गेली. पिंपात आहे ती झाइराच्या घरची आहे.”

“मम्मा, नंतर.”

“आत्ता.”

फोस्कोने घसा साफ केला आणि लांबलचक काहीतरी सांगितलं. ब्युर्गी माझ्याकडे बघून भक्तिभावाने हसला आणि किंचित वाकला. एवढ्या लांबलचक बोलण्यात ‘झाइरा’ हा शब्द कुठे आला नाही. नावाचं तर भाषांतर होत नाही.

“काय सांगितलंस त्याला?”

“तेच.”

“तेच सांगितलं असतंस तर त्याने मला वाकून नमस्कार केला नसता.”

“मम्मा, हा माणूस परत गेला तर पुन्हा येणार नाही,” फोस्को हळूच म्हणाला. “एवढं वर्षभर मी याच्यासाठी राबलोय. तुझं एक वाक्य राहिलं तर काय बिघडतं?”

बिघडत काहीच नव्हतं. रस पिंपात होता, आई पिंपात होती, सिमेंट कालवून ठेवलेलं होतं. झाइरा दरीपलीकडे होती. मी गप्प बसले असते तर कुणालाही कळलं नसतं.

मी ब्युर्गीची बाही धरली आणि त्याला खिडकीशी नेलं. समोरच्या चढावर झाइराच्या घराचं धुराडं दिसत होतं. मी त्याकडे बोट केलं. “झाइरा,” मी म्हणाले. मग पिंपाकडे बोट केलं. “झाइरा.” मग पिंपांवरून पुसल्यासारखा हात फिरवून फोस्कोकडे बोट केलं आणि वाफेच्या मशीनसारखा आवाज काढला. तो आवाज चांगला जमला असावा, कारण ब्युर्गीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच खरं काहीतरी आलं. मी पिशवीतली बाटली काढली, फोस्कोच्या चकचकीत पेल्यात ओतली आणि पेला ब्युर्गीच्या हातात दिला.

त्याने नाक खुपसलं नाही. प्यायला, आणि समोरच्या धुराड्याकडे वळला. मग फोस्कोला काहीतरी विचारलं. या वेळी बोलण्यात ‘झाइरा’ होतं.

“काय म्हणतो?”

फोस्को एका पिंपावर बसला होता. “तिकडे जायला रस्ता कुठून आहे विचारतोय.”

“उठ आधी त्याच्यावरून, तोंड अजून उघडं आहे त्याचं,” मी म्हणाले. “आणि त्याला पायवाट दाखव. गाडीने फार लांब पडेल.”

तो ब्युर्गीला घेऊन खाली गेला. मी थापी उचलली, सिमेंट घट्ट व्हायला लागलं होतं.