देर, देन, देम

फकिरा राठोडला तांड्यावर सगळे जर्मन्या म्हणत, पण त्याच्या तोंडून जर्मन भाषा लोकांनी एकदाच ऐकली होती. लढाई संपून तो मुकुटबनजवळच्या आपल्या तांड्यावर परतला, तेव्हा माणसांनी त्याला मधे बसवून बोलून दाखवायचा आग्रह केला. त्यानं दोन वाक्यं म्हटली. लोक पोट धरून हसले, पोरं आठ दिवस त्याच्यामागं चित्रविचित्र आवाज काढत फिरली, आणि फकिरानं ती भाषा जी मिटून ठेवली ती चौदा वर्षं उघडली नाही. बायकोजवळ, रुपीबाईजवळसुद्धा, तो त्या दिवसांविषयी फारसं बोलत नसे. कैदेत शिकलेली गोष्ट मिरवायची कशाला, असं त्याला वाटे.

बाप-आजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर हिंडलेले. जनावर हाकणं रक्तातच होतं, म्हणून फकिरा खेचरांच्या पलटणीत भरती झाला. आफ्रिकेच्या वाळूत पकडला गेला, तिथून इटलीत आणि इटलीतून जर्मनीत गेला. तिथं त्याला एका शेतावर कामाला लावलं. शेताची मालकीण फ्राउ लिंडनर म्हणून एक म्हातारी होती. दोन मुलगे लढाईवर गेलेले, घरात ती, तिची सून आणि आठ गाई. म्हातारी कैद्याला जेवायला आपल्याच टेबलाशी बसवी, पण बोलण्यात चूक खपवून घेत नसे. चमचा मागताना फकिरा "देर ल्योफेल" म्हणाला, की ती चमचा पाठीमागं लपवून म्हणे, "देन." फकिरानं "देन ल्योफेल" म्हटलं, की चमचा हातात पडे. तोवर सूप गार झालेलं असे. दोन वर्षांत त्याच्या कानाला ती भाषा अशी बसली, की चूक खड्यासारखी दाताखाली यायची. लिहितावाचता मात्र त्याला कुठलीच भाषा येत नव्हती.

१९५९ सालच्या उन्हाळ्यात तो वणीजवळच्या मिशनच्या दवाखान्यात गाडीवान होता. दवाखान्याची विहीर आटली होती, म्हणून तो रोज निर्गुडा नदीवरून पाण्याचे पिंप भरून आणी. दवाखाना महारोग्यांचा. तो सांभाळणारी सिस्टर हॅलम इंग्लंडची होती. सगळे तिला हालमबाई म्हणत. वय बावन्न, उंच, हाडापेरानं मजबूत. बारा वर्षं इथं राहून ती रोग्यांची भाषा बोलायला लागली होती. 'मले', 'तुले', 'काहून' सगळं तिच्या तोंडात होतं, फक्त आवाज वेगळा.

एके सकाळी फकिरा रांजणात पाणी ओतत होता. आतल्या खोलीत बाई पट्ट्या गुंडाळता गुंडाळता काहीतरी पाठ करत होती.

"देर, देन, देम, देस. देर, देन, देम, देस."

फकिराच्या हातातली बादली तशीच राहिली. बाईनं भिंतीवर एक मोठा कागद चिकटवला होता, त्यावर चौकोन आखलेले. त्याच्याकडं बघत ती सावकाश म्हणाली, "इश गेबे देर हुंट वासर." मी कुत्र्याला पाणी देते, असं तिला म्हणायचं होतं.

"देम हुंट," फकिरा दारातून म्हणाला. म्हणून बसला, खरं तर.

बाई वळली.

"फकिराभाऊ, तुमाले येते हे?"

"थोडं येते बाई. त्यायच्या कैदेत होतो मी."

बाईनं त्याला ओसरीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. जर्मनीतून एक डॉक्टर हिवाळ्यात पंधरा दिवसांसाठी येणार होता. महारोगानं वाकडी झालेली बोटं तो शस्त्रक्रिया करून सरळ करी. पण त्याला इंग्रजी येत नव्हतं. दवाखान्यातल्या कोणीतरी जर्मन शिकावं, असं मिशननं कळवलं होतं. बाकी सगळ्यांनी अंग काढून घेतलं, तेव्हा हालमबाई पुढं झाली.

"शब्द पाठ होतात," ती म्हणाली. "पन हे देर-देन-देम मले समजतच नाई. आमच्या इंग्रजीत 'द' हा एकच शब्द हाये, तो कधी बदलत नाई. इथं त्याची सोळा घरं हायेत. रोज पाठ करतो अन् रोज चुकतो."

'करतो' ऐकून फकिराला हसू आलं. बाई बायकांसारखं बोलायचं कधीकधी विसरे.

"त्यायनं तुमच्या मुलखावर बॉम्ब टाकले होते ना?" त्यानं विचारलं.

"माही बहीण त्यातच गेली." बाई म्हणाली. "पन या डॉक्टरच्या हातानं बोटं सरळ होतात. मंग भाषा कोनाची का असेना."

दुसऱ्या दिवशी पाणी ओतून झाल्यावर फकिरा आपणहून ओसरीवर येऊन बसला.

कागदावरचे चौकोन त्याला कळत नव्हते आणि बाईला चौकोनांशिवाय काही सुचत नव्हतं. चार दिवस नुसती ओढाताण झाली. पाचव्या दिवशी फकिरानं विचार करून एक गोष्ट काढली.

"बाई, कुत्रा माणसाले चावला. आता उलटं म्हना."

"माणसाले कुत्रा चावला."

"कोन चावलं?"

"कुत्राच."

"आता तुमच्या इंग्रजीत असंच उलटं करा."

बाईनं मनातल्या मनात करून पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. "मंग माणूसच कुत्र्याले चावते."

"तेच सांगून राह्यलो. तुमच्यात जो पुढं उभा राह्यला तो मालक. म्हून तुमाले रांग मोडता येत नाई. आपल्यात 'ले' लागला का कळते, चावनारा कोन अन् चावून घेनारा कोन. मंग कोनाले कुठं बी उभं करा. जर्मनाचं बी तसंच. 'देर हुंट' चावते. 'देन हुंट' मार खाते. 'देम हुंट' म्हनलं का त्याले कायतरी भेटते, पानी म्हना का भाकर. आपलं शेपूट मांगं, त्यायचं समोर, एवढाच फरक."

बाई उठली. भिंतीवरच्या कागदापाशी गेली आणि पेन्सिलीनं 'देम'च्या चौकोनात मराठीत 'ले' लिहिलं. मग 'देन'च्या चौकोनाशी थबकली. तिथंही 'ले'च बसत होता. तिनं दोन्हीकडं लिहिलं आणि एकापुढं 'मार', दुसऱ्यापुढं 'भाकर' असं मांडलं. बारा वर्षं ती रोज शंभर वेळा 'ले' म्हणत होती. तो का म्हणायचा, हे तिला कोणी कधी सांगितलं नव्हतं. फकिरालाही कोणी सांगितलं नव्हतं. तिला समजावता समजावताच त्यालाही ते कळलं होतं.

पण वाट सरळ नव्हती. बाईमाणसाच्या शब्दांना 'दी' लागतो आणि देताना त्याचाच 'देर' होतो, हे कळलं तेव्हा हालमबाईनं पुस्तक मिटून ठेवलं. "हा तर बाप्याचा शब्द," ती म्हणाली. दोन दिवस तिनं जर्मन काढलं नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा ओसरीवर हजर.

पुढं आणखी एक अडचण आली. गोठ्यात जाणं आणि गोठ्यात असणं यांना जर्मनात वेगवेगळे शब्द. मराठीत दोन्हीकडं 'गोठ्यात'च, तेव्हा इथं 'ले'ची मदत नव्हती. फकिरानं गाडीचा एक बैल सोडला आणि बाईला गोठ्याच्या दारात उभं केलं. बैल उंबऱ्याकडं चालू लागला की बाईनं म्हणायचं, "इन देन श्टाल." बैल आत जाऊन उभा राहिला की, "इन देम श्टाल." बैल आत, बैल बाहेर, पुन्हा आत. बाई चुकली की फकिरा बैलाला जागीच थांबवी. जनावर वैतागून मान झटके.

ओसरीवर बसलेले रोगी हे बघत होते. आधी एक हसला, मग सगळेच हसायला लागले. बाईचे शब्द ते एकमेकांना म्हणून दाखवू लागले. तांड्यावरचा तो दिवस फकिराला लख्ख आठवला. आता बाई आत निघून जाईल आणि हे सगळं इथंच संपेल, असं त्याला वाटलं.

बाईनं मागं वळून रोग्यांकडं पाहिलं. "तुमी बी म्हना," ती म्हणाली. "बैल चालला का देन, थांबला का देम. माह्यापेक्षा कोन चुकते पाहू."

आणि ती पुन्हा दाराकडं तोंड करून उभी राहिली. त्या सकाळी सोळा-सतरा वेळा ती चुकली. लोक हसले तेव्हा तीही हसली, पण बैलावरची नजर तिनं काढली नाही. फकिरा कासरा धरून तिच्याकडं बघत होता. ती त्याच्यापेक्षा वयानं मोठी, हुद्द्यानं मोठी, साऱ्या दवाखान्याची मालकीण म्हणावी अशी. आपण दोन वाक्यांवर हसू ऐकलं आणि चौदा वर्षं तोंड बंद केलं. घरी गेल्यावर त्यानं रुपीबाईला पहिल्यांदाच म्हातारीची, तिच्या आठ गाईंची आणि गार सुपाची हकीकत सांगितली. रुपीबाई ऐकून घेऊन म्हणाली, "एवढ्या वर्षांत काहून नाई सांगितलं?"

जानेवारीत डॉक्टर ब्रांट आले. टक्कल पडलेला, बुटका, कमी बोलणारा माणूस. पहिली रोगी होती जमनी, फकिराच्याच तांड्यावरची. उजव्या हाताची बोटं आत वळलेली, अंगठा तळव्याला चिकटल्यागत. तिला भाकर थापता येत नव्हती की सुई धरता येत नव्हती. ती फार घाबरली होती. मराठी तिला जेमतेम कळे, म्हणून बाईनं फकिराला खाटेशी बोलावून घेतलं.

डॉक्टरांनी जमनीचा हात आपल्या हातात घेतला, अंगठ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "देम डाउमेन गेबेन वीर आयने झेने फोम रिंगफिंगर."

फकिराला कळलं, पण सांगायचं काम त्यानं बाईवर सोडलं. त्याची नजर बाईवर होती. वाक्यात 'डाउमेन', म्हणजे अंगठा, सगळ्यांच्या पुढं उभा होता. इंग्रजीच्या सवयीनं ऐकलं असतं, तर अंगठाच देणारा ठरला असता आणि त्याच्यातून काहीतरी काढणार, असंच वाटलं असतं.

बाई क्षणभरही अडखळली नाही. "अंगठ्याले," ती जमनीला म्हणाली, "करंगळीजवळच्या बोटातली एक शीर देनार हायेत. अंगठ्यातून काई काढनार नाईत, त्याले उलट भेटनार हाये."

फकिरानं ते गोरबोलीत, तांड्यावरच्या बंजारा भाषेत, सांगितलं. जमनीनं आधी त्या बोटाकडं पाहिलं, मग अंगठ्याकडं. "त्या बोटाचं काय होईल?" तिनं विचारलं. फकिरानं तो प्रश्न बाईला न सांगता सरळ डॉक्टरांनाच विचारला, त्यांच्या भाषेत. डॉक्टरांनी मान वर केली. गाडीवानाकडं, त्याच्या पागोट्याकडं, मातीनं भरलेल्या पायांकडं पाहिलं, आणि मग नीट, शेजाऱ्याशी बोलावं तसं उत्तर दिलं. त्या बोटाला वाकवणाऱ्या दोन शिरा असतात, एकीवर त्याचं काम भागतं.

त्या पंधरा दिवसांत चौदा हातांवर शस्त्रक्रिया झाल्या. शस्त्रक्रियेच्या खोलीत बाई, खाटांशी बाई आणि फकिरा दोघं. एका संध्याकाळी डॉक्टरांनी फकिराला विचारलं, की तू हे कोणाकडून शिकलास, कारण तू माझ्या आजीसारखा बोलतोस. फकिरानं म्हातारीचं आणि तिच्या गावाचं नाव सांगितलं. ते गाव डॉक्टरांना माहीत होतं. "पत्र लिही," ते म्हणाले. "मी जाताना घेऊन जातो."

फकिराला लिहिता येत नव्हतं. निघायच्या आदल्या दिवशी हालमबाई दौत-टाक घेऊन ओसरीवर बसली. फकिरा जर्मनात सांगत गेला आणि ती लिहीत गेली. मी जिवंत आहे. मला बायको आहे, दोन मुली आहेत. तुमचे मुलगे लढाईवरून परत आले का? गाई किती आहेत? मध्येच त्यानं सांगितलं, की यंदा पावसामुळं कापूस उशिरा आला. "वेगन देम रेगन," तो म्हणाला.

बाईचा टाक थांबला. तिनं भिंतीवरचा कागद आठवला, पुस्तकातलं पान आठवलं. "फकिराभाऊ," ती संकोचून म्हणाली, "इथं 'देस' पाह्यजे. 'वेगन देस रेगन्स'. पुस्तकात तसं हाये."

फकिरा विचारात पडला. म्हातारीचा आवाज त्याच्या कानात स्वच्छ होता. "आमची म्हातारी 'देम'च म्हने," तो म्हणाला. "पन पुस्तक खरं असन. तुमी शिकल्या बाई. आता माह्या चुका काढाले लागल्या." असं म्हणताना त्याला जसा आनंद झाला तसा बऱ्याच वर्षांत झाला नव्हता.

बाईनं टाक दौतीत बुडवला. "पत्र म्हातारीले जाऊन राह्यलं," ती म्हणाली, "पुस्तकाले नाई." आणि तिनं 'देम'च लिहिलं. मग मान वर न करता विचारलं, "पुढं काय लिहू?"