आठ जणांची बोट

नवऱ्याने टाकल्यावर आत्या मुलीला घेऊन मोठ्या भावाकडे राहायला आली, त्याला चार वर्षं झाली होती. भावाच्या दोन मुलांची ती आत्या. मुलगी आता नऊ वर्षांची. तिला सगळे ठकी म्हणत.

बेटावर जायचं ठरल्यापासून ठकीच्या अंगात वारं शिरलं होतं. मामेबहिणीचा जुना पोहायचा पोशाख तिने पहाटेच फ्रॉकच्या आत चढवला. कासव दिसलं तर हात लावायचा नाही, नुसतं बघायचं, असं तिने मामालासुद्धा बजावलं.

धक्क्यावर पोचले तोच भावाचा फोन वाजला. त्याचे साहेब बायको आणि लहान मुलीला घेऊन निघाले होते. भावाने त्यांना तोंडदेखलं बोलावलं होतं. ते खरंच येतील हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. आता माणसं नऊ झाली.

बोटवाला म्हणाला, "आठच घेतो. मूल असलं तरी जॅकेट लागतंच."

"दुसरी बोट?"

"आज नाही."

भाऊ बायकोकडे बघू लागला. वहिनी चपलेतली वाळू झटकत म्हणाली, "आत्या नसली तर पोरांना पाण्यात कोण सांभाळणार?"

पुढचं कुणी बोलायच्या आत आत्याच बोलली. "ठकी राहील. तिला बोट लागते."

"मी कधी बसलेय बोटीत?" ठकीने विचारलं.

आत्याने तिचा दंड धरून तिला तिकिटाच्या खिडकीमागच्या बाकावर नेलं. "शहाणी ना तू? मामाच्या साहेबांसमोर तमाशा नको." बिस्किटांचा पुडा आणि पाण्याची बाटली तिच्या मांडीवर ठेवली. तिकीटवाल्या बाईंना म्हणाली, "जरा लक्ष ठेवाल का? गुणी आहे. जागची हलणार नाही."

ठकी रडली नाही. तिने फक्त फ्रॉकचं वरचं बटण लावलं.

साहेबांची गाडी आली. ठकीचं नाव कुणी काढलं नाही.

बेटाला लागल्यावर मुलं नारळाच्या झाडांतून धावतच सुटली. पाणी इतकं नितळ होतं की गळ्याइतक्या पाण्यातही तळाचे शिंपले दिसत. साहेबांची मुलगी आत्याला जी बिलगली, ती सुटायलाच तयार नव्हती. तिला काखेत घेऊन आत्या कमरेभर पाण्यात उभी होती, तेवढ्यात पायाजवळून काहीतरी संथपणे सरकलं.

"कासव! कासव बघा!" ती भाच्यांना हाका मारू लागली. मुलं पाणी उडवत आली. आत्या कित्येक दिवसांनी खळखळून हसली. खरं सांगायचं तर त्या घटकेला तिला ठकी आठवलीही नाही.

जेवताना साहेबांच्या बायकोने विचारलं, "तुम्ही यांच्याकडे मुलं सांभाळायला किती वर्षं आहात?"

भावाचा घास हातात राहिला. आत्याला प्रश्नाचा अर्थ कळला. "चार," ती म्हणाली.

"मूलबाळ?"

वहिनी संत्रं सोलत होती. तिने मान वर केली नाही.

"नाही," आत्या म्हणाली.

"तरीच. पाठीमागे पाश नाही, म्हणून दुसऱ्याच्या लेकरांना एवढा जीव लावता."

ऊन उतरल्यावर बोट परत धक्क्याला लागली. सगळ्यांत आधी आत्या उतरली. साहेबांची मुलगी तिच्या खांद्यावर झोपली होती. ठकी बाकावरून उठून धावत आली.

"आई!"

साहेबांची बायको मागेच होती. "कोणाची हो ही?"

आत्याने ठकीकडे पाहिलं आणि अगदी बारीक मान हलवली. ठकी जागीच थबकली. तिने आईचे ओले कपडे पाहिले, खांद्यावरची मुलगी पाहिली.

"चुकलं," ती म्हणाली. "मला माझी आई वाटली."

"अगं बाई, हरवलीस का तू?"

"नाही. येईल ती."

आणि ती बाकावर जाऊन बसली. फोटो काढून झाले, निरोप झाले, मग एकदाची साहेबांची गाडी गेली. तेव्हा कुठे आत्या तिच्याकडे धावली. तिकीटवाल्या बाईंनी तिला एकदा आपादमस्तक न्याहाळलं आणि खिडकी लावून घेतली.

"कासव दिसलं?" ठकीने चालता चालता विचारलं.

"नाही गं. काहीच नव्हतं तिथे."

गाडीत मामेबहीण म्हणाली, "दिसलं की! आत्यानेच दाखवलं."

भाऊ आरशातून बघत म्हणाला, "साहेब खूश झाले हां. चांगलं निभावलंस."

आत्याने ठकीचा हात हातात घेतला. ठकीने तो सोडवून घेतला नाही. नुसता राहू दिला, सीटवर विसरलेल्या वस्तूसारखा.

पुढे ती हट्ट करायची थांबली. तिचं शहाणपण बघून वहिनी कौतुक करायची. चारचौघांत ती अजून 'आई' म्हणायची, स्वच्छ, मोठ्याने. खोलीत दोघीच असल्या की मात्र कुठलीच हाक मारायची नाही. काही हवं असलं तर समोर येऊन उभी राहायची, आत्याचं लक्ष जाईपर्यंत.