उशिराचा राळा

पेरणी मुद्दाम लांबवणारा माणूस एकतर आळशी असतो, नाहीतर बायकोवर जीव टाकणारा. म्हातारा आळशी नव्हता.

ऐन पेरणीच्या तोंडावर म्हातारी माळ्याच्या शिडीवरून पडली आणि खुब्याचं हाड मोडून बसली. आता बरेच महिने उभं राहायचं नाव काढू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. दुखण्याचं तिला फारसं काही नव्हतं. जीव अडकला होता राळ्याच्या पिकात. ते बी तिने माहेरून आणलेलं. पुढच्या वर्षाच्या बियाण्यासाठी उभ्या पिकातली कणसं ती स्वतः निवडायची, त्या कामाला दुसऱ्याचा हात लागलेला तिला खपत नसे. यंदा तुम्हीच निवडा, असं म्हणून तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. ते म्हाताऱ्याच्या फार जिव्हारी लागलं.

पेरणी लांबवायची म्हटल्यावर बियाणं विकणाऱ्याने लवकर तयार होणारं नवं वाण सुचवलं; ते मागाहून पेरलं तरी चालतं म्हणे. पण बायकोच्या माहेरचं बी बदलून म्हातारा राहणार कुठे? त्याने स्वतःचंच डोकं चालवलं. उशिरा पेरलं की उशिरा पिकेल, तोवर ही चालती होईल. सगळ्यांच्या पेरण्या उरकल्या तरी हा बांधावर बसून. तिने विचारलं की पेरणीची पाभर मोडलीय म्हणायचा आणि दुसरीकडे बघायचा.

जुनं वाण मात्र पेरणीचा दिवस धरून चालत नाही. दिवस लहान होऊ लागले की ते कणीस धरतं, मग रोप केवढं का असेना. म्हाताऱ्याला हे कळणार कुठून? जन्मात त्याने कधी उशीर केला नव्हता. शेजाऱ्यांचा राळा कमरेच्या वर गेला, याचा गुडघ्याशीच अडला आणि त्यांच्याबरोबरच पिकला. म्हातारी अजून खुर्चीतच. उत्पन्नही गेलं, बेतही फसला. शेवटी त्याने तिला सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे पाभर धडधाकट होती?"

"होती. तुझ्यावाचून निवडायचं नव्हतं मला."

 ती म्हणाली, मला शेतात न्या.

धाकट्या दिराने आणि म्हाताऱ्याने मिळून तिला खुर्चीसकट उचललं आणि ओळींच्या मधोमध नेऊन ठेवलं. बुटक्या राळ्याची कणसं थेट तिच्या मांडीशी आली. तिने एक हातात घेतलं, दाणा दाबून पाहिला, सोडून दिलं. दुसरं कापलं. वाकावं लागत नव्हतं, हात लांब करावा लागत नव्हता. म्हातारा टोपली धरून उभा राहिला आणि नीट धरता येत नाही म्हणून बोलणी खात राहिला. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच त्याच्यावर ओरडत होती. त्याला भरून आलं.

टोपली भरली तशी तिने डोळ्यांना पदर लावला.

"पुढच्या वर्षी वेळेवर पेरा," ती म्हणाली. "मी उभी राहून निवडणार आहे."